मटण कमी करणाऱ्या घरांना काय विकाल? वऱ्हाडातल्या नवउद्योजकासाठी मुंगवडीचा हिशेब



"सर, टोफूचं मशीन घ्यावं काय? सध्या व्हीगनचा लय जोर हाय म्हणतात." अमरावती-अकोल्याकडून येणाऱ्या प्रशिक्षणार्थींचा हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. विचारणाऱ्याच्या डोक्यात कर्जाचा आकडाही तयार असतो. कुणाचा पाच लाख, कुणाचा सात लाख. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. उत्तर आधी सांगतो, कारणं मागून येतील. टोफूच्या मशीनसाठी आत्ता कर्ज काढू नका. गिऱ्हाईक मात्र खरं आहे, आणि त्याला विकण्यासारखी वस्तू तुमच्या आजीला चांगली जमत होती.

गिऱ्हाईक नेमकं कोण?

दूध, दही, तूप, मध यातलं काहीच न खाणारं पूर्ण व्हीगन घर आपल्या भागात शोधायचं तर हातात दुर्बीण घेऊन फिरावं लागेल. अशा चार घरांवर धंदा उभा राहत नाही. पण मटण-चिकन कमी करणारी घरं आहेत, आणि ती तुमच्याच गल्लीत आहेत. पुण्याला नोकरी करणारी पोरगी दिवाळीला घरी येते आणि आईला सांगते, "आठवड्यातून एकदाच करत जा, दोनदा नको. हवामानाचं काय होऊन राहिलं, दिसते नं." वडील म्हणतात, "काऊन वं, कोंबडीनं तुझं काय केलं?" थोडी कुरबुर होते. पण स्वयंपाक आईच्या हातात असतो, आणि दोन महिन्यांनी त्या घरात रविवार राहतो, बुधवार जातो.

हा गेलेला बुधवार म्हणजे तुमचा बाजार.

आता आपल्या भागाची एक गोष्ट लक्षात घ्या. मांसाहार सोडणं किंवा काही काळ थांबवणं इथे नवं नाही. माळकरी घरं आहेत. श्रावण पाळणारी त्याहून जास्त आहेत. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगे महाराजांनी देवापुढे बोकड-कोंबडं कापण्याच्या चालीविरुद्ध गावोगाव कीर्तनं केली. त्यामागे भूतदया होती, आणि कर्ज काढून सण करणाऱ्या गरिबाचा खिसाही होता. पर्यावरण हे कारण तेवढं नवीन आहे. त्यामुळे "मटण न खाता कसं जगायचं" हे तुम्हाला कुणाला शिकवायचं नाही. सवय अर्धी तयार आहे.

उरलेली अर्धी सवय मात्र तितकीच पक्की आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, मटणाच्या दुकानापुढची रांग बघा. धुळवडीलाही तेच. त्या रांगेशी भांडायला जाऊ नका. करीच्या दिवशी कुणी मुंगवडी खाणार नाही, आणि खावी असा आग्रहही धरू नका. गिऱ्हाइकाला पापी ठरवून माल विकला जात नाही. वर्षातले दोन-चार दिवस त्याचे राहू द्या, आपल्याला बाकीच्या बुधवारांशी काम आहे.

पोरगी म्हणते ते खरं आहे का?

गिऱ्हाईक ज्या कारणासाठी बदलतं, ते कारण विक्रेत्याला गिऱ्हाइकापेक्षा थोडं जास्त समजलं पाहिजे. नाहीतर पहिल्याच प्रश्नाला ततपप होतं.

२०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात जोसेफ पूर आणि थॉमस नेमेसेक या दोघांचा मोठा अभ्यास आला. ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती त्यांनी एकत्र केली. त्यांच्या जागतिक सरासरीप्रमाणे एक किलो मेंढी-बकरीच्या मटणामागे साधारण ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतके तापमान वाढवणारे वायू हवेत जातात. कोंबडीच्या किलोमागे सुमारे १०, टोफूच्या किलोमागे ३ च्या आसपास आणि डाळी-कडधान्यांच्या किलोमागे २ पेक्षा कमी. मटणाचा आकडा एवढा मोठा का? कारण गाय, म्हैस, बकरी, मेंढी रवंथ करतात. त्यांच्या पोटात मिथेन तयार होतो आणि तो ढेकरेतून बाहेर पडतो. कोंबडी रवंथ करत नाही.

हे आकडे जगाचे आहेत हे विसरू नका. बांधावर चरणाऱ्या, तुरीच्या काडावर जगणाऱ्या दोन बकऱ्या पाळणाऱ्या बाईला हा तक्ता दाखवून उपदेश करणं मला पटत नाही. अडचणीच्या वर्षी तिच्या घरचं एटीएम म्हणजे त्या बकऱ्याच. पण शहरातलं घर जेव्हा ताटातलं मटण कमी करून डाळ वाढवतं, तेव्हा हवेवरचा भार हलका होतो, एवढं ठामपणे सांगता येतं.

चिकनची गोष्ट तर थेट आपल्या शेतातून जाते. कापसाबरोबर सोयाबीन हे आपलं मुख्य खरीप पीक. दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं आणि १८ ते २० टक्के तेल. मार्केट यार्डातून दाणा तेल गिरणीत जातो, तेल निघतं, उरलेल्या पेंडीचा मोठा भाग कोंबड्यांच्या खाद्यात जातो. एक किलो वजनाची कोंबडी वाढायला साधारण दीड ते दोन किलो खाद्य लागतं, आणि त्या एक किलोत पिसं, हाडं, आतडी सगळं आलं. म्हणजे आपण आपलं सोयाबीन आधी कोंबडीला चारतो, मग कोंबडी विकत घेतो. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, व्यापार असाच चालतो. अकोल्याची सरकी ढेप तर वायदेबाजारातसुद्धा नाव कमावून बसली आहे, आणि तीही जनावरांच्याच पोटात जाते. पण प्रथिनं आपल्या वावरात पिकतात, आपल्या गावातून कच्ची जातात, आणि त्यांची किंमत वाढवण्याचं काम दुसरीकडेच होतं. उद्योजकाने बघायची जागा ती आहे.

मग टोफू का नको?

पहिलं कारण ऊन. अकोल्याचा मे महिना काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. मे २०२४ मध्ये उन्हामुळे जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लावावं लागलं होतं. ताजा टोफू पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावा लागतो, तसा तो काही दिवस टिकतो. फ्रिजबाहेर ४५ अंशांत काही तासांत आंबतो. तुमच्याकडे फ्रिज असेल, दुकानदाराकडेही असेल. पण लोडशेडिंगमध्ये, मोटारसायकलच्या डिक्कीत, आणि रात्री बिल वाचवायला फ्रिज बंद करणाऱ्या दुकानात काय होणार? परत आलेला माल सगळा तुमच्या अंगावर.

दुसरं कारण पाणी. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा मिळून सुमारे ४.७ लाख हेक्टरचा खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा भागातल्या वाचकांना हे घरचंच. जमिनीखालचं पाणी खारट, त्यात डाळ धड शिजत नाही. टोफूचं तर सगळं कामच पाण्यावर चालतं. भिजवणं, दळणं, उकळणं, आणि क्षार घालून फाडणं. पाण्यातच क्षारांचा भरवसा नसेल तर आज घट्ट आणि उद्या भुसभुशीत असा माल निघतो. म्हणजे पाणी शुद्ध करायचं यंत्र आधी, टोफूचं नंतर.

तिसरं कारण गिऱ्हाइकाची जीभ. एक किलो सोयाबीनपासून साधारण दीड ते दोन किलो टोफू निघतो, हे गणित कागदावर फार गोड दिसतं. हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे कच्चा माल किलोला ५३ रुपये! पण सोयाबीनचा उग्र वास नीट उकळल्याशिवाय जात नाही, आणि पहिल्यांदा वास आला की ते घर पुन्हा घेत नाही. ज्या घराला मटणाचा बुधवार भरून काढायचा आहे, त्याला पांढरी, बिनचवीची वडी नको असते. त्याला तर्री हवी असते.

हा मुद्दा नीट ऐका. मटण सोडणाऱ्याला आठवण येते ती रश्श्याची. काळ्या मसाल्याचा वास, वर तरंगणारं लाल तेल, भाकरी कुस्करायला काहीतरी दाटसर, आणि दाताखाली लागणारा एक तुकडा. आपल्याकडे त्या तुकड्याची सोय आधीपासून आहे. पाटोडीचा रस्सा आहे, सोलेवांगे आहेत, आणि वर्षभर डब्यात टिकणारी मुंगवडी आहे.

जे ऊन टोफूला मारतं, तेच मुंगवडीला वाळवतं. ज्या कोरडवाहू काळ्या जमिनीत मूग येतो, तिथे त्याला विहिरीचं पाणी लागत नाही. शिवाय मुगाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून ठेवतात, त्यामुळे युरियाही थोडकाच. पर्यावरणासाठी ताट बदलणाऱ्या घराला याहून सरळ वस्तू कुठली देणार? जगातले बहुतेक बदाम पिकतात कॅलिफोर्नियात. तिथल्या बदामाचं खोक्यातलं पेय अमरावतीत आणून पृथ्वी वाचवायची, हे गणित मला तरी जुळत नाही.

आता हिशेब

खालचे दर उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या बाजारातले टाकून स्वतः मांडा, वहीत, पेनाने.

समजा मूगडाळ १२० रुपये किलो. मिरची, आलं, लसूण, जिरं, हिंग, मीठ मिळून किलोमागे ४०. वीज-पाणी १०. पाकिटं २०० ग्रॅमची, म्हणजे किलोला पाच, लेबलसकट सहा रुपयांना एक, झाले ३०. तुमची मजुरी किलोमागे ५०. "सर, घरच्या घरी तर करतो, मजुरी कायची?" असं म्हणू नका. तुमच्या हाताची किंमत तुम्हीच शून्य धरली तर दुकानदार कशाला वाढवेल! एकूण २५० रुपये किलो.

२०० ग्रॅमचं पाकीट ८० रुपयांना, म्हणजे किलोला ४००. दुकानदार २५ टक्के ठेवेल, तुमच्या हातात ३००. वड्या फुटतात, चुरा होतो, नमुने वाटावे लागतात. त्याचे ५ टक्के म्हणजे १५ गेले. उरले ३५ रुपये किलो. दिवसाला १० किलो, मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत साधारण ७५ दिवस, म्हणजे ७५० किलो. नफा २६,२५० आणि तुमची मजुरी ३७,५००. मिळून पावणेचौसष्ट हजार.

हा आकडा पाहून काहींचा चेहरा पडेल. पडू द्या. पहिल्या हंगामात, मशीन न घेता, कर्ज न काढता हाती येणारा हा आकडा आहे. आणि त्यातली खरी अडचण नफ्याची नाहीच, अडकलेल्या पैशाची आहे. माल तीन महिन्यांत तयार होतो आणि विकायला वर्ष लागतं. मजुरी सोडून किलोला २०० रुपये रोख बाहेर जातात. ७५० किलोला दीड लाख. त्यात दुकानदार म्हणणार, "ठेवून जा, विकले की देतो." म्हणून पहिल्या वर्षी ७५० किलो करूच नका. १०० किलो करा. वीस हजारात भागतं. ते कोण घेतं, कोण दुसऱ्यांदा घेतं हे बघा. दुसऱ्यांदा घेणारी चाळीस घरं सापडली तर पुढचं वर्ष मोठं करा.

मूग आपल्याकडे ऑगस्टअखेर-सप्टेंबरमध्ये निघतो आणि नेमका पावसात सापडला तर डागी होतो. म्हणून भाव बघण्याआधी दाणा बघा. आख्खा मूग घेऊन गावातच डाळ करून घेता आली तर आणखी बरं. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल अनेक गावांत आहे, भरडून देणारा जवळपास कोण आहे ते शोधा. वाळवताना गच्चीवरच्या धुळीचा विचार करा. खाद्य दर्जाचे ट्रे, वरून जाळी. खारपाणपट्ट्यात राहत असाल तर डाळ भिजवायला पिण्याचं नळाचं पाणीच वापरा. आणि पावसाळ्याआधी पाकीटबंद करा, कारण जुलैची हवा लागलेली वडी मऊ पडते आणि मग तिला कीड लागते.

वडीबरोबर तर्रीच्या मसाल्याची छोटी पुडी द्या. माझ्या मते या धंद्यात खरी ओळख त्या पुडीने होईल. वडी कुणीही घालेल, तुमच्या घरचा काळा मसाला तुमचाच.

पाकिटावर काय लिहायचं, काय नाही

एफएसएसएआयची नोंदणी विक्रीच्या आधी, फॉस्कॉस पोर्टलवर. मर्यादा आणि शुल्क त्या दिवशी तिथेच तपासा. घटक, निव्वळ वजन, किंमत, बॅच, तारखा, पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि चौकोनातला हिरवा ठिपका, हे तुम्हाला माहीत आहे. एक गोष्ट हमखास सुटते. बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. म्हणजे तुमच्या वडीत गहू आहे, आणि ॲलर्जीच्या सूचनेत तो लिहिला पाहिजे.

'व्हीगन' हा शब्द चकचकीत दिसतो म्हणून छापू नका. त्यासाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत, वेगळं चिन्ह आहे आणि ते वापरायला एफएसएसएआयची मंजुरी लागते. पुढेमागे सोयाबीनचं पेय केलंत तर त्यावर 'दूध' लिहिता येणार नाही. २०२१ मध्ये एफएसएसएआयने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी 'दुधं' यादीतून काढायला लावली होती.

'पर्यावरणपूरक', 'हरित', 'पृथ्वीस्नेही' हे शब्दही जपून. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दावा केला तर पुरावा हवा. वर सांगितलेले ४० आणि २ हे आकडे जगाच्या सरासरीचे आहेत, तुमच्या वडीचे नाहीत, म्हणून ते पाकिटावर येत नाहीत. त्यापेक्षा जे खरं आहे ते साधं लिहा. 'दर्यापूर तालुक्यातला कोरडवाहू मूग', पण खरंच तिथून घेतला असेल तर, आणि खरेदीची पावती फाइलमध्ये असेल तर.

हे गिऱ्हाईक तुम्हाला पाकिटाच्या प्लास्टिकबद्दल विचारणार, हेही गृहीत धरा. ओल टाळायला जाड थरांची पिशवी लागते आणि ती पुन्हा वापरात येत नाही. इथे मला पूर्ण समाधान देणारं उत्तर दिसत नाही. तुमच्या कॉलनीतल्या घरांना स्टीलच्या डब्यातून द्यायचं, डबा परत आणला की पुढच्या वेळी पाच रुपये कमी, एवढं करता येईल. दुकानासाठी पिशवीच.

आरोग्याचे दावे तर अजिबात नको. मांस सोडून दूध-दही घेणाऱ्या घराची गोष्ट वेगळी आणि दूधही सोडणाऱ्याची वेगळी. बी-१२ जीवनसत्त्व डाळीतून मिळत नाही. एखाद्या ताईने "लेकराचं दूध बंद केलं, आता तुमच्या वड्याच देते" असं सांगितलं तर विक्री बाजूला ठेवा आणि तिला आधी डॉक्टरांना विचारायला सांगा.

सबसिडीबद्दल सगळेच विचारता, म्हणून थोडक्यात. केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना, पीएमएफएमई, २०२० मध्ये सुरू झाली. तीत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे. नवे अर्ज घेतायत का, हे जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारा. पण अनुदान ३५ टक्के असेल तर ६५ टक्के तुमचेच आहेत, आणि बँकेचा हप्ता भरावाच लागतो. शंभर किलो विकून झाल्याशिवाय त्या खिडकीपाशी जाऊ नका. प्रक्रियेचं शिकायचं असेल तर अमरावती जिल्ह्यात घातखेड आणि दुर्गापूर-बडनेरा, अकोल्यात सिसा-उदेगाव इथल्या कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी करून या.

आता या आठवड्याचं काम. दोन किलो डाळीच्या वड्या घाला, ऊन नसेल तर ओव्हनमध्ये किंवा ड्रायरमध्ये नमुन्यापुरत्या वाळवा. मटण कमी केलेली दहा घरं शोधा, शंभर-शंभर ग्रॅम मसाल्यासकट द्या. आठ दिवसांनी जाऊन "आवडली काय?" असं विचारू नका, तोंडावर सगळेच हो म्हणतात. "कोणत्या वारी केली, आणि कोणी ताटात ठेवली?" एवढंच विचारा आणि वहीत लिहा. डाळीचं वजन, वाळलेल्या वडीचं वजन आणि ही दहा उत्तरं मला पाठवा. पुढच्या भागात त्यावरूनच किंमत ठरवू.